जनरलच्या डब्याची पाटी

माझा हात लवकर सुटतो. आता गुडघे धरले, वय झालं, तरी खोड पुरती गेलेली नाही. परवाच टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला. नायगावकडच्या आमच्या घरात हे दुखणं पिढीजात आहे. बाप बैलाला मारायचा, आम्हालाही मारायचा, आणि दोन्हीकडे शिवी एकच असायची. 'रागीट आहे, पण मनाचा साफ,' असं माझ्याबद्दल लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. मनाचा साफ वगैरे मी काही नव्हतो. मारून झाल्यावर मला बरं वाटायचं, एवढंच.

रेल्वे स्टेशनांवर पाट्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी कामाला होतो. वेळापत्रकाच्या जुन्या, रंगाने लिहिलेल्या फळ्या काढायच्या आणि तिथे लाल अक्षरं पळणारे बोर्ड लावायचे. शिवाय फलाटावर खांबाखांबाला एकेक छोटी पाटी, कोणता डबा कुठे थांबणार ते दाखवणारी. शहरांत हे केव्हाच होऊन गेलं होतं. आमच्या वाट्याला नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली खेड्यांची स्टेशनं आली होती, जिथे दिवसाला चार गाड्या थांबतात आणि फलाटावर शेळ्या बसतात.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका स्टेशनवर होतो. नाव सांगत नाही. गावात पाणी नव्हतं आणि वर 'आमच्या तालुक्याचा वेगळा जिल्हा करा' म्हणून आंदोलन पेटलेलं. रोज टायर जळायचे. एका एसटीच्या सगळ्या काचा माझ्यासमोर फुटल्या. आत बसलेली म्हातारी डोक्यावर पिशवी धरून बसून राहिली, उतरलीसुद्धा नाही. टँकरपाशी एकाने दुसऱ्याच्या डोक्यात कळशी घातली. रक्त खालच्या घागरीत पडलं. ती घागर कुणी ओतून दिली नाही, वरून पाणी भरून घेऊन गेले. त्या दिवसांत मला कुठेच परकं वाटलं नाही, हेही कबूल करतो. अख्खं गाव माझ्यासारखं झालं होतं.

गावातल्या बायकांनी पाण्याची आपली एक सोय लावली होती. साडेअकराच्या एक्स्प्रेसने रिकाम्या घागरी घेऊन दोन स्टेशनं पुढे जायचं, तिथे धरणाच्या पाइपलाइनचा नळ होता, आणि दुपारच्या पॅसेंजरने भरून परत यायचं. एक्स्प्रेसला जनरलचे दोनच डबे, दोन्ही एका टोकाला, आणि गाडी थांबायची दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत साठ-सत्तर बायका, घागरींसकट, त्या दोन डब्यांत चढायच्या. कुठे उभं राहायचं हे आधी ठाऊक नसेल तर गाडी गेलीच म्हणून समजा, आणि गाडी गेली की घरात दिवसभर पाणी नाही.

त्यांना ते सांगायचं काम स्टेशनचे एक वयस्कर पोर्टर करायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात निळा सदरा, आणि वीस वर्षं त्याच फलाटावर. गाडीच्या आधी हातात झेंडी घेऊन फलाटभर चालत जायचे आणि आवाज द्यायचे, "जनरल मागं हाय, मागं व्हा." कुणी त्यांना तसा हुकूम दिलेला नव्हता. बायकांना त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची सवय नव्हती.

माझ्या पाट्या सुरू व्हायच्या त्या दिवशी विभागातून एक साहेब बघायला येणार होते. गाडी जिथून सुटते तिथून डब्यांचा क्रम आला होता, तो मी रात्रीच यंत्रात भरून ठेवला होता. सकाळी पाट्या पेटल्या. इंजिनाच्या बाजूला, पुढच्या दोन खांबांवर 'जनरल' अशी अक्षरं आली. मी कमरेवर हात ठेवून बघत होतो. सगळ्यांत पुढे एक अक्का बसायच्या, चाळिशीच्या, दोन कळशा आणि जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, "काय हो पाटीवाले, लई लाल करून राहिले, पानी येतंय का हिच्यातून?" बायका खदखदून हसल्या. मीही हसलो, पण मला ते लागलं.

तेवढ्यात अप्पा झेंडी घेऊन आले. पाटी वाचली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हे उलटं लागलंय. जंक्शनला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतेत. तिथून गाडी उलटी येती. जनरल मागं थांबतंय."

खरं सांगायचं तर ऐकल्या क्षणी मला पटलं होतं. पण साहेब फलाटाच्या टोकाला चहा पीत होते, क्रम फिरवून परत भरायला अर्धा तास लागला असता, आणि गाडी वीस मिनिटांवर होती. मी म्हणालो, "तुम्ही तुमची झेंडी बघा. वरून क्रम आलाय."

अप्पा वळले आणि मोठ्याने ओरडले, "बायांनो, पाटीकडं बघू नका! जनरल मागं हाय!"

बायका उठल्या. साहेबांनी कप खाली ठेवून इकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार ढांगांत मी अप्पांपाशी पोचलो आणि उजव्या हाताने त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली. आवाज फलाटाच्या त्या टोकापर्यंत गेला असणार. त्यांची टोपी रुळांत पडली. "पुन्हा तोंड उघडलंस तर याद राख, म्हाताऱ्या," मी म्हणालो. "पाटी बोलेल आता. तू गप बस."

माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे होते ते. गालावर बोटं उमटलेली दिसत होती. ते खाली उतरले, टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले. बायका उभ्याच होत्या, एकमेकींकडे बघत. अक्का म्हणाल्या, "अप्पा, काय करावं?" अप्पांनी मान वर केली नाही. मग एकेक करून सगळ्या पाटीखाली जाऊन बसल्या. मला वाटलं, जिंकलो.

गाडी आली. पुढचे डबे एसीचे, दारं बंद. कुणी तरी किंचाळलं आणि सत्तर बायका घागरी घेऊन उलट्या पळत सुटल्या. एवढ्या लांब फलाटावर दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. घागरीला घागर आपटत होती, पडलेल्या बाईच्या पाठीवरून दुसरी जात होती. पोचल्या तेव्हा गाडी हलली होती. अक्का सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी दांडी पकडली, कळशी सोडली नाही, आणि पाय डब्याच्या पायरीवरून सटकला. गाडी आणि फलाट यांच्या मधल्या फटीतून त्या गुडघ्यापर्यंत आत गेल्या. गार्डाने ब्रेक लावेपर्यंत गाडी डबाभर पुढे गेली होती. अक्कांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो बाईचा वाटतच नव्हता. त्यांना वर ओढून काढलं तेव्हा उजवं पाऊल नुसतं कातड्याने लोंबत होतं.

गावात जिल्ह्यासाठी बंद होता. माणसं रिकामी, तापलेली, चौकातच बसलेली. पाच मिनिटांत शंभर-दीडशे जण फलाटावर आले. दगड आणायला कुठे जायला नको, रुळांखाली खडीच खडी. आधी पाट्या फुटल्या. एकेक पाटी फुटताना लोक ओरडत होते, "पानी न्हाई, जिल्हा न्हाई, आन् पाट्या लावतेत!" साहेबांची जीप केव्हाच निघून गेली होती. मग कुणी तरी मला ओळखलं. पहिला दगड कपाळावर लागला, दुसरा तोंडावर. दोन दात जिभेवर आले. मी पडलो. बूट, चप्पल, अनवाणी पाय, सगळ्यांनी मारलं. मारताना माणसाचा चेहरा कसा होतो हे मी पहिल्यांदा खालून बघितलं.

कुणी तरी मला बखोटीला धरून ओढलं. अप्पा होते. त्यांनी मला फरफटत त्यांच्या खोलीत नेलं. बाहेर दारावर दगड पडायला लागले. "पाटीवाल्याला भाईर काढा!" अप्पांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "मी बोलतो. मला वळखतेत सगळे."

ते बाहेर गेले आणि मी आतून कडी लावली.

पुढचं मी दाराआडून ऐकलं. बायका अक्कांना घेऊन पुढे गेल्या होत्या, आणि चौकातून आलेल्यांनी ती थोबाडीत पाहिली नव्हती. कुणी तरी विचारलं, "अप्पा, तुम्हाला तर ठाव होतं की. कामून बोलला न्हाई?" त्यांनी फक्त एवढं म्हणायचं होतं, की या माणसाने मला मारून गप्प बसवलं. तेवढ्याने ते सुटले असते आणि मी मेलो असतो. अप्पा म्हणाले, "चुकलं माझं." मग काठीचा आवाज आला, मऊ जागी लागल्यासारखा. परत. परत. एकदा दारावर थाप पडली. ती अप्पांची होती की लोकांची, हे मला कळलं नाही असं मी आजवर सांगत आलोय. मला कळलं होतं. थाप हळू होती. बंदोबस्ताचे पोलीस येईपर्यंत मी कडीवर हात ठेवून बसून होतो. माझी पाचावर धारण बसली होती, आणि मी जिवंत आहे याचा मला आनंद होत होता.

आम्हाला लातूरच्या एकाच दवाखान्यात टाकलं, खाटेला खाट लावून. बायकांच्या वॉर्डात अक्का होत्या. त्यांचा पाय घोट्याच्या वर कापला. अप्पांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, पाठ काळीनिळी झाली होती. डॉक्टरांनी त्यांचे कान तपासले आणि म्हणाले, "उजवा ठीक आहे. डाव्याचा पडदा फाटलाय. हे काठीने किंवा दगडाने होत नाही, उघड्या पंजाने होतं. थोबाडीत कुणी मारली?"

अप्पा म्हणाले, "गर्दी होती, साहेब. काय कळतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चादर तोंडावर ओढून घेतली.

दुपारी चौकशीचे साहेब आले. बायकांचे जबाब अजून झाले नव्हते, आणि जीपमधून गेलेल्या साहेबांनी आपण काही पाहिलं नाही असं कळवलं होतं. चौकशीच्या साहेबांनी अप्पांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. पाटी चुकलेली माहीत होती, तर लोकांना सांगितलं का नाही? अप्पांचं एकच उत्तर, "चूक झाली." साहेब म्हणाले, "बाईचा पाय गेलाय अप्पा, नोकरी जाईल तुमची. कुणी बोलू नका म्हणालं असेल तर सांगा." अप्पांनी तेच उत्तर परत दिलं. माझा जबाब दुसऱ्या दिवशी घ्यायचा ठरला.

साहेब गेल्यावर मी उठलो. माझी खाट अप्पांच्या उजव्या हाताला होती, पण तिकडे सलाईनचा खांब मध्ये येत होता म्हणून पलीकडे जाऊन स्टुलावर बसलो. ते छताकडे बघत होते. कुणाची माफी मी जन्मात मागितली नव्हती. तरी बोललो. म्हणालो, "अप्पा, उद्या मी खरं सांगतो. तुम्हाला मीच मारलं, मीच गप्प केलं. तुमची नोकरी जाऊ देणार नाही."

ते छताकडेच बघत राहिले. मग मी बसलेला दिसलो म्हणून मान वळवून म्हणाले, "काय म्हनलात?"

त्या बाजूचा कान गेलेला होता. एक शब्द त्यांना ऐकू आला नव्हता. मला फक्त तेच परत म्हणायचं होतं, जरा मोठ्याने. वॉर्डात माणसं होती, दारात पोलीस होता.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी देऊ का?"

"हाव, द्या," अप्पा म्हणाले. मी मानेखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं. ते घोटाघोटाने प्याले, एक थेंब सांडू दिला नाही.

सकाळी साहेब माझ्या खाटेशी आले, कागद काढले आणि विचारलं, "पोर्टरला कुणी बोलायला मनाई केली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

अप्पा जागे होते, आणि त्यांचा चांगला कान माझ्या बाजूला होता.