पिकअपमधली बंदूक आणि माझा ईमेल

ती तक्रार मी केली होती. ऑफिसात तीन-चार जणांवर संशय घेतला गेला, माझ्यावर कुणीच घेतला नाही, आणि मी दोन वर्षं गप्प बसलो.

टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या त्या ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये साठीला आलेले एक टेक्सन गृहस्थ बसायचे. मी नागपूरहून वर्क व्हिसावर आलेला. बर्फावर गाडी चालवणं मला ठाऊक नव्हतं. २००५च्या फेब्रुवारीत रस्ते गोठले आणि नेमक्या त्याच सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. मी फोन केला तो त्यांना. जुन्या पिकअपमधून त्यांनी आम्हाला गोगलगायीच्या गतीने हॉस्पिटलात नेलं, वाटभर तिला आपल्या भावाच्या गायींच्या बाळंतपणाचे किस्से सांगत. कळा येत असतानाही ती हसत होती. मुलगी सुखरूप झाली. ‘काका नसते तर’ असं आमच्या घरात अजूनही म्हटलं जातं.

त्याच वर्षी सप्टेंबरात माझ्या गाडीची बॅटरी बसली, तेव्हाही घरी सोडायला तेच आले. बॅग सीटमागे ठेवताना कॅनव्हासची लांब पिशवी हाताला लागली. मी हात झटकन मागे घेतला.

“शॉटगन आहे. रिकामी,” ते म्हणाले. “होला पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन आहे ना. शुक्रवारी ऑफिसातून थेट भावाच्या शेतावर जातो.”

“पण कंपनीच्या पार्किंगमध्ये चालतं?”

“नाही. शेजारच्या ओक्लाहोमा राज्याने कायदा केलाय, गाडीत कुलपात ठेवलेल्या बंदुकीसाठी माणसाला कामावरून काढता येणार नाही असा. तोही कोर्टात अडकलाय. टेक्सासात तेवढंही नाही.” मग हसून म्हणाले, “तू काही पाहिलं नाहीस, पोरा.”

तेच माझ्या डोक्यात बसलं. रुजू होताना न वाचता सही केलेलं कंपनीच्या नियमांचं हँडबुक मी त्या वीकेंडला पहिल्यांदा उघडलं. आवारात शस्त्र असल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कारवाई. माझं ग्रीन कार्ड अर्ध्या वाटेवर होतं. रविवारच्या पॉटलक जेवणात, जिथे प्रत्येक जण एकेक पदार्थ घेऊन येतो, एका पुणेकर मित्राला विचारलं.

“अरे यार, तू विचार कसला करतोस? उद्या काही झालं आणि तुला माहीत होतं हे निघालं, तर पुढच्या फ्लाइटने नागपूर! ईमेल टाक आणि मोकळा हो.”

सोमवारी ईमेल टाकला. मोकळा झालो नाही.

शुक्रवारी सिक्युरिटीवाल्यांनी त्यांना पिकअप उघडायला सांगितली. त्यांनी स्वतःच पिशवी काढून दाखवली. निर्णय होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्या पत्नीवर कॅन्सरचे उपचार चालू होते आणि इन्शुरन्स या नोकरीचा होता. हे मला ईमेल टाकतानाही माहीत होतं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं.

“काकांशी आधी बोललास? गाडीत ठेवू नका, मला भीती वाटते, एवढंच?”

“नाही.”

तिने मुलीला उचललं आणि ती आत निघून गेली.

तीन आठवड्यांनी लेखी ताकीद देऊन कंपनीने त्यांना परत घेतलं. इतकं हायसं वाटलेला दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. आल्याआल्या त्यांनी विचारलं, “बाळ रांगतंय का?”

त्यानंतर सीझनमधल्या शुक्रवारी ते पिकअप रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानात लावू लागले, मालकाला विचारून. तापलेल्या डांबरावरून दुखऱ्या गुडघ्याने चालत येताना ते मला खिडकीतून दिसत. बंदुकीचं प्रेम मला आजही नाही. पण ओक्लाहोमासारखा कायदा टेक्सासात तेव्हा असता, तर त्यांची नोकरी माझ्या भीतीपासून वाचली असती. तो झाला, पण ते निवृत्त झाल्यावर.

२००७मध्ये माझं ग्रीन कार्ड आलं. आता भीतीचं निमित्तही उरलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर टायरच्या दुकानापर्यंत चालत गेलो. दुकानात ट्रॉली घासली तरी आपण इथे सॉरी म्हणतो. तसं नुसतं म्हणून सुटायचं नाही, हे ठरवलं होतं.

“तो ईमेल माझा होता,” मी म्हणालो. “तुम्ही माझ्या बायकोला त्या बर्फातून नेलंत, आणि मी तुम्हाला एका शब्दाने न विचारता तुमच्या पत्नीचे उपचार पणाला लावले. कार्ड हातात पडल्यावर बोलतोय, याचीही लाज वाटते. मला माफ करा.”