आमच्या मुलुंडच्या घराचे पोपडे

जुन्या घरात सामान साठतं, तसे किस्सेही साठतात. सामान निदान मोडीत घालता येतं. किस्से कोण घेणार? म्हणून चार मित्र जमले की मी ते बाहेर काढतो, आणि कोणी म्हणालं, "काहीतरी फेकू नकोस यार," की मला खरंच राग येतो. कारण यातलं एक अक्षरही खोटं नाही!

हे सगळं चोपन्न-पंचावन्न सालचं. मुलुंडला एका जुन्या दुमजली घरात आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, अण्णांची विधवा आत्या, माझी मोठी बहीण सुशीलाताई आणि मी. बाहेरच्या खोलीचं छत म्हणजे लाकडी पट्ट्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. त्याचे पोपडे सुटून दिवसभर खाली पडायचे. घरात ताई लग्नाची. आईला एकच धास्ती, "पाहुणे मुलगी बघायला येतील आणि पोपडे बघून जातील!"

*

अण्णा रविवारी बाहेरच्या खोलीत पाटावर जेवायला बसत. एकदा आमटीच्या वाटीत वरून बशीएवढा पोपडा पडला. अण्णा उठले, खुंटीवरची छत्री काढली, उघडली, डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं जेवायला लागले!

तेवढ्यात पोस्टमन दारात. त्यानं छत्रीखाली जेवणारे अण्णा बघितले, बाहेर जाऊन कडकडीत ऊन बघितलं, पुन्हा आत बघितलं. पत्र उंबऱ्यावर ठेवून तो जो गेला, तो पुढे महिनाभर आमची पत्रं शेजारीच देत होता.

*

आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर परब राहायचे. मालवणकडचे, गिरणीत कामाला. परबकाकू मुसळानं मसाला कुटायला बसल्या की खाली आमच्याकडे पांढरा पाऊस. आई एकदा तणतणत वर गेली.

"जरा हळू चाला हो, आमचं छत खाली येतंय!"

परब शांतपणे म्हणाले, "वयनीनू, आमी काय पाखरां, उडान ऱ्हवाक?"

आई पाय आपटत खाली आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना दाणकन आवाज झाला आणि छतातून मुसळाचं टोक आमच्या खोलीत! आम्ही सगळे किंचाळलो. मुसळ हळूच वर गेलं आणि त्या भोकातून एक डोळा दिसायला लागला. डोळ्यानं खाली नीट पाहून घेतलं आणि वरून परबांचा आवाज आला, "वयनीनू, आज पिठला काय?"

परबांनी त्या भोकावर फळी ठोकून दिली, पण आई कित्येक दिवस तिथं उभी राहायची नाही.

*

मालकांना बोलावून आणलं. ते काळी टोपी घालून आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "छान मजबूत छत आहे की! जुनं काम आहे हे, शंभर वर्षं..."

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. तोंड उघडंच होतं. आणि नेमका तेव्हाच!

"थुंका मालक, थुंका!" अण्णा ओरडले. मालकांनी चूळ भरली, पाणी प्यायलं, टोपी झटकली. आम्हाला वाटलं, आता तरी काम होणार. जाताना ते म्हणाले, "चुना उत्तम प्रतीचा आहे!"

*

शेवटी अण्णांनीच रंगारी आणला. मोठा कसबी माणूस. त्यानं छत खरवडलं आणि आईला म्हणाला, "बाई, जरा चुलीवर भांडं ठेवू का?" आईनं चांगलं पितळेचं पातेलं दिलं. थोड्या वेळानं घरभर असा काही वास सुटला की आत्या जपाची माळ टाकून स्वयंपाकघरात धावली.

"काय शिजवतोयस रे मेल्या?"

"सरस आहे, आजी. जनावरांची हाडं-कातडी उकळून बनवतात. चुन्यात मिसळला की पोपडा हलणार नाही!"

आत्या सोवळ्यात. चुलीपासून देवघर दोन हातांवर! पुढचं काय सांगू? पातेलं गेलं, चूल मोडून नवी घातली, आत्यानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. रंगारी बिचारा हात जोडून म्हणाला, "आजी, मग चुन्यात गूळ घालतो. गूळ तरी चालेल ना?"

गूळ चालला. सगळ्यांना चालला. आठ दिवसांत मुलुंडच्या झाडून सगळ्या मुंग्या आमच्या छतावर!

अण्णा झोपाळ्यावर बसून वर बघत म्हणाले, "आधी नुसते पोपडे पडायचे. आता मुंग्यांसकट पडतात."

*

आणि अशात अंधेरीहून निरोप आला. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली, रविवारी ताईला बघायला येतो म्हणाले. याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. ताई दाखवत नव्हती, पण आतून खचली होती. आईनं रात्रंदिवस देव पाण्यात घातले, आणि आपली दोन जुनी लुगडी एकत्र शिवून माझ्याकडून ती छताखाली चार खिळ्यांना ताणून बांधून घेतली.

मुलगा आणि त्याची आई आले. बाई बसल्या, त्यांनी वर पाहिलं.

"हे कापडाचं छत कशाला बांधलंय हो?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "काल सत्यनारायण झाला ना आमच्याकडे! पूजेवर बांधलं होतं."

मी आणि अण्णा एकमेकांकडे बघतच राहिलो.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "मग प्रसाद द्या की!"

आईचा चेहरा पांढराफटक. ती आत पळाली. घाईघाईनं रवा भाजायला घेतला. आत्यानं कपाळाला हात लावला. "देवाच्या नावानं खोटं बोललीस? वाट लागली आता पोरीची!"

शिरा घेऊन ताई बाहेर गेली. बाईंनी ओंजळीत घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि तोंडाजवळ नेला.

"खाऊ नका," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली नाही. "प्रसाद नाहीये तो. नुसता शिरा आहे. काल पूजा झालीच नाही. वरून पोपडे पडतात म्हणून आईची लुगडी बांधलीयत."

आई दाराची चौकट धरून मटकन खाली बसली. अण्णा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं सगळं. आणि तेवढ्यात वर कड्कन वाजलं, धप्पदिशी काहीतरी लुगड्यात पडलं, आणि बाईंच्या बरोबर डोक्यावर लुगड्याला फुगवटा आला.

बाईंनी त्या फुगवट्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मुलगा मान खाली घालून हसत होता. त्यांनी ओंजळीतला शिरा सावकाश खाल्ला, हात पुसला आणि आईला म्हणाल्या,

"उठा हो. आमच्या बाहेरच्या खोलीत गेली तीन वर्षं सत्यनारायण चाललाय!"