आईच्या माहेरचं रक्त

एकाहत्तरच्या लढाईवरून माझा मोठा भाऊ अंगावर ओरखडाही न येता परतला. फौज सुटल्यावर वडिलांनी त्याला सोलापुरातच, अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात यंत्रमागावर चिकटवलं. माग खडखडू लागले की तो कान दाबून खाली बसायचा. घरी साधं भांडं पडलं तरी थरथरायचा.

शेवटी आईवडील त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?"

आई म्हणाली, "माझ्या वडलांना. तेबी पलटणीत होते. परत आल्यावर कुणाशी बोलायचेच न्हाईत."

"काहींचा पिंडच हळवा असतो, तो घराण्यातून येऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण लढाईत जे पाहिलं त्यानं आणि या रोजच्या आवाजानं त्रास वाढतो. आधी त्याला मागावरून काढा."

वडिलांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. घरी येताच आईला म्हणाले, "तुझ्या माहेरचं रक्तच खराब हाय." दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा मागावर गेला.

काही महिन्यांनी मामा जेऊरहून आला आणि भांडून त्याला शेतावर घेऊन गेला. तिथं भाऊ हळूहळू माणसांत आला, पोटभर जेवू लागला. आईनं हे मोठ्या आशेनं वडिलांना सांगितलं.

"व्हय, तितं सगळेच तसले हायत की," ते म्हणाले आणि पाटावर बसले. आईनं ताट वाढलं.