शनिवारचे सर, सोमवारचे साहेब

चेनकाकू बोलायला लागल्या की वाटतं, इथे चार माणसं उभी आहेत. बॅगेची बिघडलेली चेन दुरुस्त करता करता त्या गिऱ्हाइकाची नक्कल करतात, त्याच्या बायकोची करतात, बॅग विकणाऱ्या दुकानदाराची करतात आणि खुद्द त्या चेनचीही. "मी नाही पुढे सरकणार, जा!" चेन फुरंगटते. काकू मेणबत्तीचा तुकडा तिच्या दातांवर घासत दटावतात, "अडून बसतेस? सासूबाई झालीस का माझी?" आणि चेन सरसर धावते!

दवाखान्याच्या भिंतीला लागून फूटपाथवर त्यांचं शिवणयंत्र. शेजारी धाकट्या जावेचं, ती छत्र्या दुरुस्त करायची. पाऊस आला की दोघींनी एकच ताडपत्री ओढायची आणि कुणाच्या बाजूला गळतंय यावरून भांडायचं. अशात पालिकेनं नवा बाजार बांधला. छप्पर, वीज, बंद होणारं दार! दोघींनी गाळ्यासाठी अर्ज केले. काकू तर झोपेतही शटर ओढत होत्या म्हणे.

माझी नि त्यांची ओळख झाली ती छोट्या धंदेवाल्यांना शिकवणाऱ्या संस्थेत. हिशेब कसा ठेवायचा, गिऱ्हाईक कसं टिकवायचं, असले वर्ग तिथे चालायचे. नाटकवाली मुलगी लोकांची भीड घालवेल म्हणून 'बोलायचं कसं' हा तास माझ्याकडे होता. आणि परवान्याचा तास घ्यायचे पालिकेचे परवाना अधिकारी. शनिवारी वर्गात ते आमचे 'सर'. सोमवारी पालिकेच्या खिडकीत बसले की 'साहेब'. संस्था त्यांना मानधन द्यायची. पालिका संस्थेला अनुदान द्यायची, आणि ते ठरायचं संस्थेच्या किती लोकांना गाळे मिळाले त्यावर. गाळे कोण देणार? साहेब! खरं सांगते, तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. मला तर वाटलं, केवढी ही सोय!

यादी लागली. काकूंचं नाव होतं, जावेचं नव्हतं. जावेनं वर्ग केला नव्हता. "छत्री उघडली की उघडते. त्यात शिकायचं काय?" असं तिचं म्हणणं. यादी वाचून तिनं काकूंकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी यंत्र उचलून दवाखान्याच्या फाटकाच्या पलीकडे जाऊन बसली. काकूंची अर्धी नाटकं बंद पडली. ऐकायला हक्काचं माणूसच राहिलं नाही.

मग प्रमाणपत्रं वाटायचा दिवस आला. पालिकेच्या नव्या मुख्याधिकारी पाहुण्या होत्या. मला वाटलं, काहीतरी झकास करून दाखवावं. मी जाहीर केलं, "आता खुर्च्यांची अदलाबदल! सर, तुम्ही अर्जदार. काकू, तुम्ही साहेब!"

सभागृहात शिट्ट्या! सर हसत हसत टेबलासमोर येऊन उभे राहिले. काकूंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पेन टेबलावर टकटक आपटलं आणि मान वर न करता विचारलं, "काय करता?"

"छत्र्या दुरुस्त करतो, साहेब."

"ओळखपत्र?"

"आणलंय."

"बसता कुठे?"

"दवाखान्यापाशी."

"हं. वर्ग केलाय का?"

सर अडखळले. "कुठला वर्ग?"

"कुठला म्हणजे? आमचा! शनिवारचा." आता काकूंनी मान वर केली. ओठांचा तो चंबू, तो लांबवलेला सूर, हुबेहूब! "नाही केला? बरंऽऽ. अर्ज ठेवून जा. बघू."

आणि त्यांनी अर्ज गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सारला.

सभागृह नुसतं फुटलं! लोक बाकांवर हात आपटत होते. काकूंनी कमरेत वाकून दाद घेतली. त्यांना वाटलं, हा प्रश्न सरकारी प्रश्नांपैकीच एक, नाव-गाव विचारतात तसा. मग पुढच्या रांगेतलं हसू एकदम बंद झालं. मुख्याधिकारी उभ्या राहिल्या होत्या.

"हे खिडकीत खरंच विचारतात?"

"गंमत हो, मॅडम!" संस्थेचे संचालक घाईनं म्हणाले.

सरांनीही हसू चेहऱ्यावर तसंच चिकटवून ठेवलं. "काकू, सांगा ना मॅडमना, गंमतच केलीत ना?" आणि मग एवढ्याशा आवाजात, जे फक्त मला नि काकूंना ऐकू आलं, "सोमवारी चाव्या वाटायच्या आहेत."

काकूंनी चष्मा काढला. म्हणा काकू, गंमत म्हणा, गाळा तर हातात पडू दे, असंही वाटत होतं. म्हणू नका, असंही.

"गंमतच केली, मॅडम," काकू म्हणाल्या. "पण मनानं रचली नाही. अस्सल असल्याशिवाय नक्कल होते का कुठे? माझी जाऊ खिडकीपाशी उभी होती, मी तिच्या मागे. साहेब हेच म्हणाले. असंच म्हणाले."

"अहो, मी कुणाचा एक पैसा खाल्लेला नाही!" सरांचा आवाज चढला. "शिकलेली माणसं गाळा नीट चालवतात, म्हणून..."

"मानधन कोण देतं तुम्हाला?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"ते शिकवण्याचं!"

"आणि नावं कोण निवडतं?"

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. काकूंनाच त्यांची दया आली. "सर, तुम्ही शिकवता छान, देवाशपथ. पण वर्गातला तो बाब्या आणि बाहेरचं ते कार्टं, असं कसं चालेल? दोन डगरींवर पाय ठेवला की मधे आम्हीच पडतो ना!"

मॅडमनी यादी तिथल्या तिथे रद्द केली. आलेल्या प्रत्येक अर्जाची चिठ्ठी टाकायची आणि सगळ्यांसमोर सोडत काढायची. साहेबांनी एक खुर्ची सोडायची, कुठली ते त्यांनी ठरवावं.

"काकू, आमचेही गाळे घालवलेत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझाही गेलाय रे!" काकूंचा चेहरा लालबुंद. "मी काय डोक्यावर घेऊन पळाले?"

सोडतीच्या दिवशी पालिकेच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी खिडकी राखली होती, वर्ग सोडला होता, आणि आज ते लांब, भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. मोठं पिंप गरगर फिरलं. चिठ्ठी निघाली, दुसरी निघाली, आणि मग माइकवरून आवाज आला, "छत्री दुरुस्ती, दवाखान्यापाशी!"

जावेनं किंकाळीच फोडली! काकू गर्दी कापत तिच्यापर्यंत पोचल्या आणि दोघींनी एकमेकींना धरून अशी गिरकी घेतली की शेजारच्याची टोपी उडाली. इतक्या दिवसांचा अबोला विसरल्याचं दोघींच्या नंतर लक्षात आलं, तेव्हा त्या जरा लाजल्या. पुन्हा पिंप फिरलं. फिरत राहिलं. थांबलं. काकूंची चिठ्ठी आलीच नाही.

काकू पायरीवर मटकन बसल्या. डोळे भरलेले, पण तोंड कसलं थांबतंय? "दुसऱ्याला अपशकुन करायला लोक स्वतःचं नाक कापतात. मी शकुन करायला कापलं. माझ्यासारखी शहाणी मीच!"

"ताई, नाक राहू द्या," जाऊ त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "गाळ्यात घरचं माणूस बसलेलं चालतं. आत्ताच विचारून आले मी. तुमचं यंत्र दाराशी ठेवायचं का आत? लवकर सांगा, फळ्या ठोकायच्यात."

"दाराशी!" काकू ताडकन उठल्या. "आत बसून मी काय भिंतींशी बोलू?"