पुदिन्याचं काम कुठवर

“पुदिना पोटाचा पाहुणा, मालक नव्हे,” असं पुदिनेवाली मावशी जुडी हातात देताना हमखास म्हणायची. वाटणाला कोवळी पानं, मळमळीला चघळायला दोन, सर्दीला वाफ, पोटदुखीला काढा. ओल्या गोणपाटाखाली तिच्याकडे सगळ्यांची सोय असायची.

त्या सकाळी समोरच्या दुकानातला शिंपी पोट धरून, वाकून आला.

“मावशी, तीन दिवस झाले, दुखणं हटत नाही. एक कडक काढा द्या.”

मावशीने जुड्या बांधत बसलेल्या सुनेला बाकावरून उठवलं, त्याला तिथे आडवं केलं, बेंबीच्या उजवीकडे खाली बोटं दाबली आणि सोडली. सोडताच तो किंचाळला.

“काढा मिळणार नाही. ऊठ, दवाखान्यात चल.”

“सगळ्या गल्लीला पाजता आणि माझ्याच वेळी हात आखडता? लग्नाचे कपडे शिवायचेत, मला वेळ नाही.”

“मेल्यावर वेळच वेळ मिळेल,” मावशी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “माझ्या नवऱ्यालाही असंच दुखलं होतं. मी दोन दिवस काढाच पाजत बसले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी असंच दाबून पाहिलं, पण अपेंडिक्स आत फुटलं होतं. तो गेला.”

शिंपी बाकाचा काठ धरून उठू लागला. कण्हत म्हणाला, “पण चालवत नाही हो.”

“टाक भार माझ्यावर. जन्मभर पोती उचलली, तू तर नुसती चिंधी!”

मावशीने पदर खोचला, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि ती निघाली. एक गिऱ्हाईक जुडी मागत होतं. पण मावशीची सून, दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत, तिकडेच बघत उभी होती.