काकांचा ग्रंथ बांधायला आला तेव्हा

डिंक्याचं पुस्तकबांधणीचं दुकान इतकं अरुंद होतं की आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला वळायचं असेल तर आधी बाहेर जावं लागे. खळीचं भांडं, सुया, पुठ्ठे, दाबायचा शिकंजा आणि या सगळ्याच्या मधोमध छत्तीस वर्षं पुस्तकं शिवत बसलेला डिंक्या. लोक म्हणत, याला पुस्तकातलं ओ की ठो कळत नाही. साफ खोटं. आत काय लिहिलंय हे तो वाचत नसे, पण कोणी कुठवर वाचलंय हे मात्र तो पुस्तक हातात घेताच सांगे. कादंबरीचं शेवटचं पान आधी मळतं, पाककृतीच्या पुस्तकात गोडाची पानं चिकटतात आणि आत्मचरित्राची फक्त अर्पणपत्रिका वाचली जाते, हे त्याचं संशोधन.

एका सकाळी काका आले. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीतला. घराण्याचं सर्वोच्च न्यायालय. काखेत धर्मशास्त्राचा जाडजूड ग्रंथ. पाप कशाला म्हणावं, कोणी कोणाशी लग्न करावं, कोणत्या कुशीवर झोपावं, सगळे निकाल त्यातून. ग्रंथ मांडीवर घ्यायचा, त्यावर तळहात आपटायचा आणि गर्जायचं, "ह्यात लिहिलंय!" तीस वर्षांच्या आपटाआपटीने पुठ्ठा निखळला होता.

"रविवारच्या आत बांधून दे," काका म्हणाले. "तुझ्या ताईचा विषय संपवायचाय."

ताई छप्पन्न वर्षांची, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. तिला समोरच्या घड्याळवाल्याशी लग्न करायचं होतं. शास्त्रात बसत नाही, असं काकांचं म्हणणं. ती लग्न करणारच होती, नोंदणी कचेरीतली तारीखही मिळाली होती. पण डिंक्याला ती म्हणाली होती, "बाबा गेल्यावर काकांनीच आपल्याला हाताने भरवलं रे. ते तोंड फिरवून बसले तर त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

काका गेले. डिंक्याने ग्रंथ उसवायला घेतला आणि सुरी हातातच राहिली. पहिली बत्तीस पानं मळून मऊ झालेली. पुढची सहाशे कोरी करकरीत, कडेच्या दुमडी जशाच्या तशा! छापखान्यातून आल्यापासून त्या कोणी कापल्याच नव्हत्या, म्हणजे ती पानं कधी उघडलीच नव्हती. विवाहाचं प्रकरण होतं चारशे बाराव्या पानावर.

कड कापायच्या यंत्रात एक झटका दिला की दुमडी गायब, काम फत्ते. काकांची अब्रू शाबूत, ताईचं मात्र वाटोळं. डिंक्या दोन कप चहा होईपर्यंत डोकं खाजवत बसला. मग त्याने फोन केला, "काका, जरा दुकानात या. चष्मा घेऊन या."

काकांनी एक दुमड बोटाने चाचपली. दुसरी चाचपली. कान लालबुंद झाले.

"छापखान्याची चूक," ते म्हणाले.

"असेल की. सुरी देऊ?"

"दे. आणि तोंड मिटून बस."

काका पान कापत, वाचत, पुन्हा कापत. तासाभरात ओरडले, "अरे, हा ऋषी म्हणतो, नवरा गेला तर बाईने दुसरं लग्न करायला हरकत नाही! पुढचा म्हणतो, छे छे! आणि खाली टीकाकार दोघांनाही वेड्यात काढतोय!"

"म्हणजे आपल्या घरासारखंच."

"गप रे! हे ऐक. जिथे शास्त्रांचं आपसात जमत नाही, तिथे सज्जन कसे वागतात ते बघावं, आणि आपल्या मनाचं समाधान कशात आहे तेही बघावं. मला हे कोणी सांगितलं कसं नाही?"

डिंक्याने सुईत दोरा ओवण्यात फारच लक्ष घातलं.

तीन दिवस काका दुकानातून हलेनात. टीकाकाराशी तावातावाने भांडत, मध्येच मांडीवर थाप मारून हसत. शाळा सुटलेल्या पोरासारखा चेहरा. तिसऱ्या दुपारी ताई त्यांचा डबा घेऊन आली. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, बस. एवढी वर्षं सांगतच आलो, विचारलं कधी नाही. तुझ्या मनाला काय वाटतं?"

ताईने डबा पुठ्ठ्यांवर टेकवला. मग म्हणाली, "काका, त्या माणसाच्या दुकानात सत्तर घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. पण तिथे बसले की मला किती वाजले हे बघावंसंच वाटत नाही."

काकांनी नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं.

"कचेरीत किती वाजता?"

"अकराला."

"मी साडेदहाला तुला घ्यायला येतो. वेळेच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नकोस."