मुलींच्या खोलीचा नियम आणि गिलक्रिस्टबाई

गिलक्रिस्टबाई आठवल्या की आधी मला त्यांचा राग येतो आणि मग स्वतःचा. गेली तेहेतीस वर्षे हा क्रम बदललेला नाही. येत्या मे महिन्यात मी शाळेच्या कचेरीतून निवृत्त होईन. त्याआधी जे घडले ते क्रमाने लिहून टाकतो.

बाई स्कॉटलंडच्या, समुद्रकाठच्या एका गावच्या. वडील होड्या बांधणारे सुतार. साताऱ्यात मिशनच्या मुलींच्या शाळेत त्यांनी बारा वर्षे शिकवले. ती शाळा चौथीला संपायची. पुढचे वर्ग काढा असा अर्ज बाई दरवर्षी करत आणि दरवर्षी नकार येई. एके वर्षी त्यांनी अर्जाऐवजी राजीनामा दिला आणि इस्लामपूरजवळच्या आमच्या हायस्कुलात इंग्रजी आणि गणित शिकवायला आल्या. ते साल एक्केचाळीस. पुढच्याच वर्षी चळवळ पेटली. गावाला वाटे, ही गोरी बाई सरकारची आहे. फौजदाराला वाटे, ही गावाची आहे. बाई दोघांनाही समजावण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत.

त्यांचे मराठी स्वयंपाकीण साळूबाईकडून आलेले. आमचे हेडमास्तर उपळेकर सांगलीचे, अत्यंत शुद्ध बोलणारे. गोऱ्या तोंडातून 'न्हाई जमायचं' ऐकले की ते डोळे मिटून घेत.

मी मलकापूरचा. बी.कॉम. होऊन त्रेचाळीस साली येथे कारकून म्हणून लागलो. कचेरीशेजारी मुलींची खोली होती. त्या वेळी साऱ्या शाळेत मुली अकरा. नियम असा की मुलींनी त्या खोलीत थांबायचे. घंटा झाली की शिक्षकांनी दाराशी येऊन हाक मारायची, मुलींनी त्यांच्या मागून वर्गात जायचे, भिंतीकडच्या बाकावर बसायचे आणि तास संपला की त्यांच्याच मागून परत यायचे. हाक मारायला आलेल्या शिक्षकाखेरीज कोणाही पुरुषाने त्या दाराशी जायचे नाही.

बाईंचा यावर रोज संताप. लोकांना वाटे, परदेशी बाई, तिला मुलेमुली एकत्र हवी असणार. तसे मुळीच नव्हते.

"वेगळी शाळा काढा की, मी कुठं न्हाई म्हनते?" त्या उपळेकरांना म्हणत. "मी सोता पोरींच्या शाळेत शिकले. वर्गात पोरगं नव्हतं, म्हनून मोठ्यानं चुकायला भ्याले न्हाई. पन ती पुरी शाळा हुती. हितं शाळा एकच, आन तिच्यात पोरींना पावन्यावानी आनून बसवताय."

"बाई, या नियमामुळेच तर लोक मुली पाठवतात. नियम काढला की मुली घरी."

"कवा काढून बघितलासा?"

मला दोघांचेही पटे आणि त्यामुळे दोघांचाही कंटाळा येई.

मॅट्रिकच्या वर्गात मुलगी एकच, शालू. वडील हवालदार मानसिंग पलटणीबरोबर इटलीत. घरचा ऊस, कर्ता चुलता लालासाहेब. पोरीचे लग्न उरकावे असे त्याचे मत. मानसिंगने पत्र लिहून कळवले होते की ती मॅट्रिकला बसली तर थांबायचे, नाहीतर तुझ्या मनासारखे कर. भावाभावांत एवढेच ठरले होते. त्यामुळे शालूचे सगळे त्या परीक्षेच्या फॉर्मवर अवलंबून होते, आणि फॉर्म मुंबईला जायचा तो चाचणी परीक्षेचे सगळे पेपर दिलेल्यांचाच.

दिवाळीपासून बाईंनी शालूच्या मागे एकच लावले. "सतरा वर्षांची हायस. घंटा ऐकू येती न्हवं? तुझी तू ये." शालू मान हलवायची आणि खोलीतच थांबायची. पाच मिनिटे वाट पाहून बाई फणफणत परत येऊन तिला घेऊन जात. महिनाभर हाच प्रकार. मी खिडकीतून पाहायचो आणि वाटायचे, बाई, सरळ हाक मारा आणि मोकळ्या व्हा.

चव्वेचाळीसच्या डिसेंबरात चाचणी परीक्षा आली. गणिताच्या पेपराला पर्यवेक्षक गिलक्रिस्टबाई. अकरा वाजता त्या हातात प्रश्नपत्रिका घेऊन मुलींच्या खोलीवरून तडक हॉलमध्ये गेल्या. त्यांचा हिशेब असा की आज परीक्षा आहे, आज तरी पोरगी आपण होऊन उठेल.

पोरगी उठली नाही. इतर वर्गांना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे खोलीत ती एकटीच. मांडीवर कंपासपेटी घेऊन बसलेली मला दिसत होती.

सव्वाअकराला शिपाई केरबा म्हणाला, "पोरगी हितंच बसलीया की वं आजून."

"बाई नेतील," मी म्हणालो.

"व्हय. बाईच न्हेत्यात," केरबा म्हणाला आणि पाणी भरायला गेला. माझ्या टेबलापासून ते दार पाच पावलांवर. मी फायलीत डोके घातले.

हॉलमध्ये बाईंना रिकामा बाक दिसत होता. आधी वाटले हट्ट करतेय, येईल. मग वाटले आजारी असेल. एकट्या पर्यवेक्षक, जागा सोडता येईना. सव्वाबाराला उपळेकर फेरीवर आले तेव्हा उलगडा झाला. अर्ध्या तासानंतर कोणालाही आत घ्यायचे नाही, हा दुसरा नियम. शालू गैरहजर लागली.

"का गं आली न्हाईस?" बाई तिच्यावर ओरडल्याच.

"समदी पोरं आत बसली हुती," शालू म्हणाली. "त्यांच्या मधनं एकली कशी येऊ, बाई?"

दुसऱ्या दिवशी तिची आई बयाबाई आणि चुलता लालासाहेब कचेरीत हजर झाले.

"आवं बाई, रोज हाक मारून न्हेत हुतासा, आन नेमकं परीक्षेदिशी इसरलासा?" बयाबाईंनी विचारले.

"इसरले न्हाई. म्हटलं, आज तिची ती येईल."

"तिची ती?" बयाबाईंचा आवाज चढला. "घरात चुलत्याम्होरं तिला तोंड उघडू दिलं न्हाई कुनी, आन तुमचं म्हननं, ती परीक्षेदिशी शिकंल! त्यापरीस आदल्या दिशी शिकवायचं हुतं."

"ऱ्हाऊ द्या, वयनी," लालासाहेब म्हणाला. तो मजेत दिसत होता. "मेढ्याकडचं स्थळ चांगलं हाय. वैशाखात उरकू. लग्नाला गणित लागत न्हाई."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

ते दोघे गेल्यावर उपळेकरांनी वाट काढली. 'नियमाप्रमाणे विद्यार्थिनीस खोलीतून परीक्षेच्या जागी आणणे हे पर्यवेक्षकाचे कर्तव्य असता मी ते केले नाही, ही माझी चूक', असे बाईंनी लिहून द्यावे. म्हणजे दोष मुलीकडे राहत नाही आणि फेरपरीक्षा घेता येते.

"म्हंजी तुमचा नियम बराबर हाय असं मी लिहून द्यायचं?"

"मी फक्त झालेली चूक लिहायला सांगतोय."

"आन न्हाई दिलं तर?"

"तर ती गैरहजर. फॉर्म बुधवारी जायचे आहेत."

बाई माझ्या टेबलाशी येऊन मजकूर सांगू लागल्या, मी टाइप करू लागलो. पहिला कागद त्यांनी फाडला. दुसऱ्याच्या शेवटी 'हा नियम मला मूर्खपणाचा वाटतो' असे वाक्य घातले. उपळेकरांनी ते लाल शाईने खोडून कागद परत पाठवला. तिसऱ्या वेळी मी मशीनमध्ये कागद चढवत असताना बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू बी बघत बसला हुतास न्हवं? तुझं बी नाव लिही की."

मी हसण्यावारी नेले. नोकरी लागून दीडच वर्ष झाले होते. त्यांनी पुन्हा म्हटले नाही. पत्रावर सही केली, पेन टेबलावर आपटले आणि गेल्या.

फेरपरीक्षा शनिवारी सकाळी. त्या दिवशी शालूने काय करावे? ती मुलींच्या खोलीकडे न वळता सरळ हॉलमध्ये जाऊन बाकावर बसली. मी मनात म्हटले, सुटलो. तेवढ्यात उपळेकर आले. पत्राची शाई वाळली नाही तोच पुन्हा तेच नको, म्हणाले. त्यांनी तिला उठवून खोलीत पाठवले. मग बाईंनी दाराशी येऊन हाक मारायची, मग ती दोघींची वरात हॉलकडे. संपूर्ण हॉलमध्ये दुसरे कोणीही परीक्षार्थी नव्हते! कोणापासून जपायचे होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. यात आठ मिनिटे गेली. बाईंनी घड्याळ समोर ठेवून शेवटी ती आठ मिनिटे वाढवून दिली. उपळेकर दारात उभे राहून कुरकुरले, तेव्हा त्यांच्याकडे बाईंनी मान वर करूनही पाहिले नाही.

शालूला शंभरात एकसष्ट गुण मिळाले. बुधवारच्या टपालाने तिचा फॉर्म गेला. मार्चमध्ये ती मॅट्रिकला बसली आणि पास झाली. लालासाहेबाने शब्द पाळला, मेढ्याच्या लोकांना नकार कळवला. एवढे मात्र त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे.

जूनमध्ये उपळेकरांनी परिपत्रक काढले. मुलींना वर्गात नेणे-आणणे हे शिक्षकांचे लेखी कर्तव्य ठरले आणि आधार म्हणून बाईंच्या पत्राची नक्कल खाली जोडली. तोवर जो नुसता रिवाज होता, तो आता कागदावर आला. नवीन लागणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची त्यावर मी सही घेत असे.

अठ्ठेचाळीस साली बाई मायदेशी निघाल्या. त्यांचे कागदपत्र तयार करताना मी म्हणालो, "ते पत्र परत मागून घ्या. मी काढून देतो. निदान तुमच्या सहीवर तरी हा नियम चालू नये."

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "पोरगी मॅट्रिक हाय."

एवढे बोलून त्या दुसऱ्या कागदावर सही करू लागल्या. मी चिडलो, पण वाद घातला नाही. साऱ्या आयुष्यात बाईंनी एकदाच माघार घेतली, आणि आमच्या दप्तरात त्यांची म्हणून तेवढीच राहिली.